आमचा जुना फॅन फोरम बंद होतोय, नीट निरोप कसा द्यायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथल्या काही जणांना माहीत असेल, संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपल्या अण्णांच्या चाहत्यांचा एक फोरम आहे, मी आणि माझा एक मित्र मिळून तो चालवतो. ऑर्कुट जोरात होतं तेव्हापासूनचा आहे. आता बंद करायची वेळ आलीये. पैशांचा प्रश्न नाहीये, वर्षाची वर्गणी अजूनही लोक न मागता पाठवतात, पण फोरम पीएचपीबीबी नावाच्या सॉफ्टवेअरच्या खूप जुन्या आवृत्तीवर आहे आणि होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की सर्व्हरवरचं जुनं पीएचपी काढून टाकतोय. नव्या पीएचपीवर आमचं सॉफ्टवेअर उघडणारच नाही. आमच्यात ज्याला यातलं कळायचं त्याची तब्येत आता साथ देत नाही, त्याला या वयात रात्री जागून अपग्रेड कर म्हणायला माझं मन होत नाही.

शिवाय खरं सांगायचं तर नवीन लिहिणारं कुणी उरलं नाहीये. 12 जानेवारीला अण्णांचा जन्मदिवस आणि 5 जानेवारीला पुण्यतिथी, या दोन धाग्यांवर लोक येतात, आवडतं गाणं टाकतात, एकमेकांची विचारपूस करतात आणि पुन्हा वर्षभर शांतता. एकेकाळी तिथे एका गाण्यातली क्लॅरिनेट कुणी वाजवली यावर आठवडाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा चालायची, अमेरिकेतले लोक उठायचे तेव्हा आम्ही झोपायला जायचो आणि सकाळी बघावं तर तीन पानं वाढलेली.

तर विचारायचं असं की ज्यांनी असा एखादा ग्रुप, कम्युनिटी, मेलिंग लिस्ट बंद होताना पाहिलीये किंवा स्वतः बंद केलीये त्यांनी काय केलं? किती आधी सांगावं? काय काय जपून ठेवावं? सगळंच ठेवायचं म्हटलं तर कुठे ठेवायचं? मला ते नुसतं एक दिवस उघडलं आणि एरर आली असं व्हायला नकोय. खूप माणसांचा जीव आहे त्यात, माझाही आहे.

शुभदा_एडिसन

गोदाकाठ, वाचून पोटात कालवलं. मी तुमच्याकडे फक्त वाचायला यायचे, कधी लिहिलं नाही, पण इथे न्यूजर्सीत पहिली काही वर्षं हिवाळ्यात संध्याकाळी तेच उघडून बसायचे मी.

किती आधी सांगावं याबद्दल माझं ठाम मत आहे, निदान तीन महिने. ऑर्कुटने 30 जून 2014 ला जाहीर केलं आणि 30 सप्टेंबरला बंद केलं. तेवढ्या वेळात आमच्या कम्युनिटीतल्या लोकांनी एकमेकांचे ईमेल घेतले, स्क्रॅपबुक उतरवून घेतलं, टेस्टिमोनियलचे स्क्रीनशॉट काढले, शेवटचं भांडणसुद्धा नीट मिटवलं. त्याउलट आयएमडीबीचे मेसेज बोर्ड, 2017 मधे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सांगितलं आणि 20 तारखेला बंद. अडीच आठवडे. ज्याला त्या दिवसांत तिकडे फिरकायला जमलं नाही त्याला नंतर कळलं. वर्षातून एक-दोनदाच येणारे लोक असतात, तुमच्याकडे तर तेच जास्त असणार, त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. सगळ्यांना ईमेल टाका, फक्त फोरमवर सूचना लावून उपयोग नाही.

आणि अजून एक, याहू ग्रुप्सचं झालं ते लक्षात ठेवा. तिथे दोन टप्प्यांत झालं, 2019 च्या शेवटी जुने मेसेज, फाइल्स, फोटो सगळं काढून टाकलं आणि ग्रुप मात्र नुसता मेल पाठवण्यापुरता 15 डिसेंबर 2020 पर्यंत चालू. मेल येत होते म्हणून पुष्कळ लोकांना वाटत राहिलं की सगळं ठीक आहे. आमचा एक जुन्या गाण्यांचा ग्रुप होता, त्यातलं काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

निखिल_ठाणे

दादा मनाला लावून घेऊ नका पण एवढं दुःख करण्यासारखं नाहीये, जे अजून अ‍ॅक्टिव्ह आहेत त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा ना, गप्पा चालू राहतील. फेसबुक ग्रुप काढला तर नवीन लोकपण येतील. आता सगळे तिथेच आहेत. फोरमचा जमाना गेला हे मान्य करायला हवं.

तबकडी78

निखिल, गप्पांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ठीक आहे, मीही तशा दोन ग्रुपवर आहे. पण तिथे काय होतं सांगतो. कुणीतरी सकाळी एक गाणं टाकतं, दहा जण अंगठे देतात, खाली गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि दुपारपर्यंत गाणं वर सरकून गेलेलं असतं. सहा महिन्यांनी तेच गाणं तेच काका परत टाकतात आणि तोच चुकीचा संगीतकार लिहितात. 1024 माणसं मावतात ग्रुपमधे, पण आज आलेल्या माणसाला दोन वर्षांपूर्वी झालेली चर्चा दिसत नाही, फोन बदलताना बॅकअप राहिला तर जुन्या माणसालाही दिसत नाही.

आता गोदाकाठच्या फोरमवर काय आहे ते सांगतो कारण मी 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्या जमवतो आणि माझ्या संग्रहातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा तिथे झालाय. अण्णांचंच घ्या. सी. रामचंद्र हे नाव सगळ्यांना माहीत. पण सुरुवातीच्या पिक्चरमधे राम चितळकर, काही ठिकाणी अण्णासाहेब, एके ठिकाणी श्यामू, गायक म्हणून नुसतं चितळकर, मराठीत आर. एन. चितळकर. एकच माणूस. तबकडी हातात आली आणि लेबलवर यातलं कुठलं तरी नाव असलं की नवशिक्याला वाटतं कुणी दुसराच. शिवाय त्या काळी लेबलवर गायकाचं नाव छापतीलच असं नाही, 1949 च्या ‘आएगा आनेवाला’ या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं हे तर प्रसिद्धच आहे. अशा वेळी आवाज ओळखणारे, पिक्चर थेटरात बघितलेले, बुकलेट जपून ठेवलेले लोक एकत्र बसून बोलले म्हणून कोण गायलंय ते ठरलं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने कानपूरच्या हमराज साहेबांच्या हिंदी चित्रपटगीतांच्या कोशातली नोंद काढून दाखवायची, चौथ्याने लेबलचा फोटो टाकायचा.

आणि ते कडव्यांचं प्रकरण. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावतं. पडद्यावर गाणं मोठं असेल तर तबकडीसाठी एखादं कडवं कापायचे नाहीतर दोन्ही बाजूंवर पार्ट 1, पार्ट 2 करायचे. रेडिओवर आयुष्यभर ऐकलं ते कापलेलंच. गाळलेल्या कडव्यांची लोकांनी तिथे मिळून यादी केलीये, कुणी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून ऐकून लिहिलंय, कुणी थेटरात ऐकलेलं आठवून. गाणी यूट्यूबवर मिळतील हो, चांगल्या आवाजात मिळतील. गाण्याखालची ही बोलणी दुसरीकडे कुठेच नाहीत. गोदाकाठ, तुम्ही विचारलंत काय जपावं, तर माझं उत्तर हे, एमपीथ्रीच्या लिंका गेल्या तरी चालतील (तशाही त्या ईस्निप्सच्या लिंका कधीच मेल्यात), बोलणं जायला नको.

निखिल_ठाणे

तबकडी काका हे मला खरंच माहीत नव्हतं. मी फोरम उघडून बघतोय आत्ता, गाळलेल्या कडव्यांच्या धाग्यावर आहे. बाहेर अण्णा म्हटलं की सगळ्यांना 27 जानेवारी 1963 चं दिल्लीतलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे एकच गाणं आठवतं, मीही त्यातलाच. ऑर्केस्ट्रेशनवर लोकांनी काय लिहिलंय, सॅक्सोफोन कुठल्या ओळीनंतर येतो, बोंगो कुठे थांबतो, हे सगळं हेडफोन लावून वाचायला हवं.

आज्ञावली

गोदाकाठ, टेक्निकल बाजू मी सांगतो, घाबरू नका, फोरम चालू न ठेवताही सगळं वाचता येईल असं ठेवता येतं. त्याची साधी एचटीएमएल पानं करून टाकायची. मग पीएचपी नको, डेटाबेस नको, काही अपग्रेड नको, कुठल्याही स्वस्त जागेवर ती पडून राहतील.

आधी संपूर्ण डेटाबेसचा आणि अटॅचमेंटच्या फोल्डरचा बॅकअप घ्या आणि तो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या शहरातल्या माणसाकडे. मग बंद करायच्या तारखेला सगळे विभाग फक्त वाचण्यापुरते करा, नवीन नोंदणी थांबवा. त्यानंतर एचटीट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं, ते पाहुण्याला दिसणारी सगळी पानं उतरवून घेतं. इथे एक गोष्ट नक्की करा. पीएचपीबीबी पाहुण्यांसाठी प्रत्येक लिंकला एसआयडी म्हणून लांबलचक आकडा चिकटवतं, तो दर वेळी वेगळा, म्हणून सॉफ्टवेअरला वाटतं प्रत्येक पान नवीन आहे आणि तेच ते शेकडो वेळा उतरवत बसतं. तो भाग वगळायला सांगा. सर्च, मेंबर लिस्ट, रिप्लायचं पान हेही वगळा.

तयार झालेली पानं गिटहब पेजेसवर 1 जीबीपर्यंत फुकट ठेवता येतात, तुमचा मजकूर बहुधा त्यात बसेल, फोटो जास्त असले तर वेगळा विचार करू. एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर खातं काढून चढवा, आणि महत्त्वाच्या धाग्यांची पानं त्यांच्याच वेबॅक मशीनमधे (तिथे वेबपानांच्या प्रती राहतात) एकेक करून सेव्ह करा.

आणि डोमेन सोडू नका!! हे मी हात जोडून सांगतो. सोडलंत की कुणीतरी उचलतं आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतं, लोकांनी जिथे जिथे तुमच्या लिंका दिल्यात त्या सगळ्या तिकडे जातात. डॉट कॉम असेल तर एकदम 10 वर्षांपर्यंत रिन्यू करता येतं, ती वर्गणी आलीये ना, त्यातून तेच करा.

फोटोंचं मात्र आत्ता बघून घ्या. पोस्टमधे बाहेरच्या साइटवरून लावलेले फोटो असतील तर ते एचटीएमएल काढून वाचणार नाहीत. 2017 मधे फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटने एकदम बाहेर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला 399.99 डॉलर द्या म्हणून सांगितलं आणि जगभरच्या फोरमवर फोटोंच्या जागी पैसे भरा सांगणारं मीटरचं चित्र आलं. तुमच्याकडे लेबलचे फोटो तसेच गेले असतील.

गोदाकाठ

गेलेत. लेबलच्या धाग्यावर निम्म्या ठिकाणी तेच चित्र आहे.

तबकडी78

माझे मूळ फोटो माझ्याकडे आहेत. बाकीच्यांना विचारून बघतो, सांगलीचे एक जण आणि इंदूरच्या एक ताई, या दोघांकडे तरी नक्की असणार.

मृण्मयी_स

नमस्कार. मी इथे नवीन आहे, या धाग्यासाठीच खातं काढलं. माझे बाबा गोदाकाठ यांच्या फोरमवर लिहायचे. नाव लिहीत नाही, जुने लोक ओळखतील, रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला गीतमाला कशी ऐकायचे त्यावर त्यांनी बरंच लिहिलं होतं, वाड्यात एकच रेडिओ, खरखर वाढली की एरियलची तार हातात धरून उभं राहायची पाळी लावलेली असायची, आणि अण्णांचं गाणं लागलं की पाळी कुणाची ते विसरून सगळे आत. ते निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले, एका बोटाने टाइप करायचे. आईला वाटायचं ऑफिसचं काम अजून संपलं नाही का यांचं.

बाबा गेले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी फोरम शोधून काढला आणि तिथे त्यांच्या नावाने लोकांनी श्रद्धांजलीचा धागा काढलेला होता, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जे लोक त्यांना कधी भेटले नव्हते त्यांना ते कुठल्या गाण्याला काय म्हणायचे ते पाठ होतं. घरात आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तुम्हाला हेच गाणं का आवडतं. तिथे त्यांनी पानभर लिहून ठेवलंय.

माझी अडचण अशी आहे की त्यांची सुरुवातीची पोस्टं वाचता येत नाहीत. ते शिवाजी फाँटमधे वर्डमधे लिहायचे आणि तिथे आणून चिकटवायचे. आता उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा नुसता काला दिसतो. ते कायमचं गेलं का? फोरम बंद व्हायच्या आधी काही करता येईल का?

आज्ञावली

मृण्मयीताई, गेलेलं नाही. तो फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, त्यामुळे अक्षरं तिथेच आहेत, फक्त त्यांचा चेहरा बदललाय. जुन्या फाँटवरून युनिकोडमधे, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या मराठीत, नेणारे कन्व्हर्टर आहेत. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे गडबड होते, वेलांटी एक अक्षर पुढे-मागे जाऊन बसते, ती हाताने तपासावी लागते, पण वाचता येईल इतपत नक्की होतं. गोदाकाठ, मूळ पोस्ट तशीच ठेवा आणि खाली युनिकोडमधली प्रत लावा. डेटाबेसमधून एवढी पोस्टं मला काढून द्या, मी करतो.

कलम_52

सगळं छान चाललंय, फक्त दोन गोष्टी कायद्याच्या बाजूने सांगते म्हणजे नंतर त्रास नको.

डेटाबेसमधे लोकांचे खासगी मेसेज, ईमेल, आयपी अ‍ॅड्रेस असतात. तो मूळ बॅकअप कुणाही तिसऱ्या माणसाला जसाच्या तसा देऊ नका, आर्काइव्हवर तर मुळीच चढवू नका. बाहेर जायची ती फक्त सर्वांना दिसणारी पानं. पोस्टमधे कुणी स्वतःचा फोन नंबर, पत्ता लिहिलेला असतो (तबकड्यांच्या देवाणघेवाणीच्या धाग्यावर हमखास), तो शोधून झाका. आणि जाहीर करताना सांगा की ज्याला स्वतःचं लेखन काढून हवं असेल त्याने अमुक तारखेपर्यंत कळवावं. ऑर्कुटने बंद झाल्यावर सार्वजनिक चर्चांचं संग्रहालय ठेवलं होतं तेव्हाही लोकांना आपलं काढून घ्यायची मुभा होती.

दुसरं, गाण्यांचं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, म्हणून 50 च्या दशकातल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत संपलेली आहे. पण शब्द आणि चाल वेगळे. त्यांचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं. अण्णा 1982 ला गेले म्हणजे त्यांच्या चालींचा 2042 अखेरपर्यंत. त्यामुळे आर्काइव्हमधे गाण्यांच्या फाइल्स आणि आख्खेच्या आख्खे शब्द घालायचा मोह टाळा. चर्चेत समीक्षेसाठी एखाद-दुसरी ओळ उद्धृत केली असेल तर तेवढ्याची काळजी करू नका. तबकडी काका म्हणाले तसं तुमचा ठेवा चर्चेतच आहे, आणि ती ज्याने लिहिली त्याची आहे, म्हणून त्याला विचारणं.

तबकडी78

गाळलेली कडवी मग कशी ठेवायची? तीच तर कुठे मिळत नाहीत.

कलम_52

काका, कडव्याची पहिली ओळ, पिक्चरमधे ते किती मिनिटाला येतं, आणि तबकडीत नाही हे, एवढी नोंद ठेवा. शोधणाऱ्याला तेवढ्यावर सापडतं.

शुभदा_एडिसन

शेवटच्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही. 5 जानेवारीला बंद करू नका प्लीज. 12 ला करा. आदल्या दिवशी रात्रीपासून भारतातल्या आणि इकडच्या लोकांनी मिळून तिथेच बसू, प्रत्येकाने एकेक गाणं आणि ते आपल्याला कुणी पहिल्यांदा ऐकवलं ते लिहायचं. नुसतं बाय बाय लिहून जाऊ नका कुणी. बोलत बोलत बंद होऊ दे.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मित्राला आज दुपारी जाऊन सगळं वाचून दाखवलं. एसआयडीचं ऐकल्यावर तो उठून बसला, म्हणाला ते मी करतो, त्याला बसल्या जागी लॅपटॉपवर होण्यासारखं आहे. मी नको म्हटलं नाही.

तर ठरलं ते असं. बंद 12 जानेवारीला, होस्टिंगवाल्यांकडून तोवरची मुदत मागितलीये आणि ती मिळतेय. सगळ्या सदस्यांना ईमेल या रविवारी, आणि ज्यांचे ईमेल परत येतील त्यांची यादी इथे टोपणनावांनी टाकतो, कुणाला संपर्क माहीत असेल तर त्यांना निरोप द्या. लेखन काढायचं असेल तर 15 डिसेंबरपर्यंत कळवायचं. पुण्यतिथीचा धागा नेहमीसारखा निघेल. डोमेन 10 वर्षांसाठी रिन्यू करतोय. मृण्मयीताई, तुमच्या बाबांची पोस्टं मी आजच काढून आज्ञावलींना पाठवली, जुने सदस्य मला विचारतायत की तुम्हीच का त्या, ज्यांच्या दहावीच्या निकालाचे पेढे बाबांनी फोरमवर वाटले होते?

मृण्मयी_स

हो, मीच ती!! पेढ्यांचा धागा कुठे आहे, लिंक द्याल का?

आणि मी देवनागरी तपासायला बसू शकते, वेलांट्या वगैरे. फक्त बाबांचीच नाही, त्या फाँटमधली जेवढी असतील तेवढी सगळी पाठवा.

निखिल_ठाणे

लेबलचे फोटो स्कॅन करायला माझ्याकडे चांगला स्कॅनर आहे. तबकडी काका, तुम्ही कुठे असता? शनिवारी येऊ शकतो.

तबकडी78

कोल्हापूर. शनिवारी नको, रविवारी ये, सकाळी लवकर निघ. जेवायलाच ये. लेबलं स्कॅनरवर सपाट बसत नाहीत, तबकडी जड असते आणि काचेला चरे पडतात, आपण वरून कॅमेऱ्यानेच काढू, स्टँड आहे माझ्याकडे. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, कोरलेला असतो तो तिरक्या उजेडात घ्यावा लागतो, एक छोटी बॅटरी घेऊन ये.